पिकअपला मडफ्लॅप बसवताय? नफा रबरात नाही, शेवटच्या दहा मिनिटांत आहे!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पिकअपला बाहेरून आणलेले मडफ्लॅप बसवून दाखवले. व्हिडिओत हात भरभर चालतात आणि कारणं सांगायची राहून जातात. म्हणून सगळं इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी प्रश्न असा की, ऍक्सेसरीजच्या धंद्याची सुरुवात मडफ्लॅपनेच का करायची? कारण भांडवल कमी, हत्यारं थोडी आणि गरज खरी. भाजी, कांदा, दूध, वाळू, सिमेंट वाहणाऱ्या गाड्या रोज कच्च्या रस्त्यावर उतरतात. चाकातून उडालेली खडी हौद्याचा रंग सोलते आणि तिथूनच गंज धरतो. चिखल मागच्या दिव्यांवर बसतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काय उडतं, ते वेगळं सांगायला नको. मे महिना संपत आला की गाडीवाल्याला हे सगळं आठवतं. तोच तुमचा सीझन.

माझी चूक आधी ऐका

मी दुकान सुरू केलं तेव्हाची गोष्ट. टोमॅटो वाहणाऱ्या एका पिकअपला चार फ्लॅप बसवले. गाडी रिकामी होती, स्टिअरिंग सरळ होतं. फ्लॅप मस्त दिसत होते. पैसे घेतले, गाडी सोडली.

त्याच रात्री गाडी भरली आणि पाटे दबले. वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचं टायर फ्लॅपला घासायला लागलं. मी बोल्ट उलटा घातला होता, नटाच्या बाहेर आलेलं टोक टायरच्या बाजूला! त्या टोकाने टायरची कड कापली. गाडी रस्त्यात उभी राहिली आणि पहाटेचा लिलाव चुकला.

सकाळी तो माणूस दुकानात आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही गाडी एकदा वळवून तरी बघायची ना." टायरचे पैसे मी दिले, पण त्याचं भाडं मला परत देता आलं नाही. त्यानंतर तो कधी माझ्या दुकानाकडे फिरकलाही नाही. आजचा धडा त्याच्या त्या एका वाक्यात आहे.

माल कोणता घ्यायचा?

कडक प्लास्टिकचे फ्लॅप स्वस्त पडतात, पण दगड लागला की तडकतात. मालवाहू गाडीला रबर घ्या, शक्यतो आत कापडाचा थर असलेलं. ते बोल्टच्या भोकापाशी लवकर फाटत नाही. रुंदी टायरपेक्षा इंचभर जास्त हवी.

नट-बोल्टमध्ये काटकसर नको. स्टीलचे एम ६ बोल्ट, नायलॉक नट आणि मोठे चपटे वॉशर घ्या. साधा नट गाडीच्या हादऱ्याने सुटतो. छोटा वॉशर रबरातून आरपार निघून येतो. वरून एक धातूची पट्टी लावली की दाब सगळीकडे सारखा बसतो.

बसवायची पद्धत

1. गाडी सपाट जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. चाक काढायचं असेल तर जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, घोडी लावाच.

2. जागा धुऊन पुसून घ्या. चिखलावर मारलेली खूण चुकते.

3. कंपनीने दिलेली भोकं आधी शोधा. बऱ्याच गाड्यांत ती असतात, चिखलाने बुजलेली असतात. मिळाली तर अर्धं काम झालं.

4. फ्लॅप हाताने धरून बघा आणि खडूने खुणा करा. टायर आणि फ्लॅपमध्ये चार बोटं तरी अंतर राहू द्या. मागच्या फ्लॅपची खालची कड रिकाम्या गाडीत जमिनीपासून साधारण वीतभर वर ठेवा. माल भरला की ती खाली येणारच आहे. फ्लॅप फार लांब ठेवला तर रिव्हर्स घेताना टायर त्याला जमिनीवर दाबतं आणि मुळापासून उपटतं.

5. भोक पाडायच्या आधी मागे हात घालून बघा. वायर, ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप यातलं काही असेल तर जागा बदला. चेसिसच्या मुख्य फ्रेमला भोक पाडायचं नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. मडगार्डची कड किंवा हौद्याखालचा जोड-अँगल वापरा. नवीन गाडी असेल तर वॉरंटीचं आधी मालकाशी बोलून घ्या.

6. पंच मारा, 3 मिलिमीटरच्या बिटने छोटं भोक घ्या, मग 6.5 ने मोठं करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. भोकाची धार कानशीने घासा आणि उघड्या पत्र्यावर गंजरोधक प्रायमर लावा. हे दोन मिनिटांचं काम टाळलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंजाचा डाग दिसेल आणि त्याखाली तुमचं नाव असेल.

7. बोल्टचं गोल डोकं टायरकडे, नट पलीकडे. आधी सगळे बोल्ट हाताने बसवा, फ्लॅप सरळ करा, मग पान्याने आवळा. रबर फुगून बाहेर येईपर्यंत आवळायचं नाही.

आता ती शेवटची दहा मिनिटं

इथे नव्वद टक्के लक्ष द्या. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापा, खाली वाकून बघा. उजवीकडे पूर्ण कापा, पुन्हा बघा. सायलेन्सरचा पाइप मागच्या फ्लॅपला लागत नाही ना, ते बघा. नंबरप्लेट, रिफ्लेक्टर, दिवे झाकले गेले नाहीत ना, ते बघा. मग गाडी थोडी पुढे-मागे घ्या, एका गतिरोधकावरून न्या आणि घासल्याचा आवाज येतो का ते ऐका. शेवटी मालकाला सांगा, "माल भरलात की एकदा थांबून बघा, आणि आठवड्याने या, बोल्ट फुकट आवळून देतो."

या फुकट आवळण्याला कंजूषी करू नका. आठवड्याने गाडी पुन्हा दारात येते तेव्हा मालक विचारतो, "दादा, ताडपत्रीचे हूक बसवता का?" जाहिरातीवर एक रुपया न घालवता दुसरं काम मिळतं.

हिशोब

आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

चार फ्लॅप: 480 रुपये
नट-बोल्ट, वॉशर, पट्ट्या: 120 रुपये
प्रायमर, बिटची झीज, वीज: 30 रुपये
तुमची मजुरी, दीड तास, तासाला 100 रुपये: 150 रुपये
एकूण खर्च: 780 रुपये
गिऱ्हाइकाकडून: 1,100 रुपये
शिल्लक: 320 रुपये

बरेच नवीन उद्योजक मजुरी धरतच नाहीत. "मीच तर केलं!" असं म्हणतात. उद्या माणूस ठेवाल तेव्हा त्याचा पगार कुठून देणार? मजुरी पहिल्या दिवसापासून धरा. दुकानाचं भाडं असेल तर तेही गाड्यांवर वाटून याच यादीत लिहा.

आता समजा गाडी परत आली. एक नवीन फ्लॅप 120, बोल्ट 30, तुमचा तास 100. झाले 250. शिल्लक राहिले 70 रुपये. म्हणजे अडीच तासांची मेहनत करून चहा-नाश्त्यापुरते पैसे हातात, आणि त्यात गिऱ्हाइकाचं तोंड कडू. टायर कापलं असेल तर मग विचारूच नका, अख्ख्या महिन्याचा हिशोब बिघडतो.

म्हणून समोरचा दुकानदार 900 मध्ये करतो म्हणून तुम्ही भाव पाडू नका. तो ती शेवटची दहा मिनिटं देतो का, ते बघा. तुम्ही देता, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करून दाखवा. त्याला खाली वाकायला लावा, चाक वळताना बघू द्या. मग 200 रुपये जास्त का, हे समजावत बसावं लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या एखाद्या पिकअपवाल्याकडे जा. काही विकू नका. गाडी रिकामी असताना मागच्या चाकावर हौद्याची कड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. माल भरल्यावर तीच जागा पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. अशा पाच गाड्या मोजल्यात की गाडी किती दबते हे तुम्हाला पक्कं कळेल, आणि पाच गाडीवाले तुम्हाला नावाने ओळखायला लागतील.

धंदा तिथूनच सुरू होतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!