भोपळ्याच्या वेलावरील पाठ : फुलापासून बीपर्यंत

प्राथमिक शाळेत फुलाचे भाग शिकविताना बहुधा जास्वंदीचे फूल घेतले जाते. फूल मोठे, भाग ठळक आणि बारमाही मिळणारे. तेव्हा निवड सोयीची आहे यात शंका नाही. परंतु बागेतील जास्वंदीस आपल्याकडे क्वचितच फळ धरते आणि तिची लागवडही फांदी लावून होते. परिणामी पुंकेसर, कुक्षी, अंडाशय ही नावे मुलांच्या तोंडी बसतात. त्या अवयवांचे पुढे काय होते, हे मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. फुलाचे बी होताना दाखवावयाचे असेल, तर शाळेच्या कुंपणावर चढलेला लाल भोपळ्याचा वेल अधिक उपयोगी पडतो.

या वेलावर दोन प्रकारची फुले येतात. प्रथम नरफुले उमलतात. त्यांचा देठ लांब व बारीक असून मध्यभागी पुंकेसर एकमेकांस जुळून झालेला पिवळा दांडा असतो. काही दिवसांनी मादीफुले येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली चिमुकला भोपळा आधीपासूनच दिसतो. तोच अंडाशय होय. नरफुले एक दिवस उमलून गळतात, म्हणून त्यांस वांझ समजून खुडून टाकण्याची चूक होते. भज्यांसाठी थोडी फुले घेण्यास हरकत नाही; पण सगळीच खुडली, तर फळ धरावयाचे कशावर?

भोपळ्याचे परागकण मोठे व चिकट असल्याने वारा त्यांस वाहून नेत नाही. ते काम मधमाश्या करतात. हे मुलांना सांगण्यापेक्षा पडताळून पाहू द्यावे. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांची टोके आदल्या संध्याकाळी पिवळी झालेली असतात. अशा सहा मादीकळ्या निवडाव्यात. चारांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावीत व दोन मोकळ्या सोडाव्यात. दोन-तीन नरकळ्याही बांधून ठेवाव्यात. सकाळी नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व बांधलेल्या दोन मादीफुलांच्या कुक्षीवर त्याचा पराग हळुवार लावून ती पुन्हा बांधावीत. उरलेली दोन बांधलेली फुले तशीच राहू द्यावीत. निरनिराळ्या रंगांच्या दोऱ्यांनी खूण केल्यास घोटाळा होत नाही. ज्यांस पराग मिळाला नाही, ती कोवळी फळे काही दिवसांत पिवळी पडून गळतात. वेलावर फळे अधिक झाली, तर पराग लागलेले फळही कधी गळते. म्हणून एकाच फुलावरून निष्कर्ष काढू देऊ नये.

एक अडचण आहे. हे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते; त्यामुळे दहा-अकरा वाजता भरणाऱ्या शाळेत हा पाठ वेळापत्रकातील तासाला घेता येणार नाही. मुलांना त्या दिवशी लवकर बोलवावे, नाहीतर सकाळची शाळा असेल तो दिवस साधावा. तसेच हाच प्रयोग दुधी भोपळ्यावर किंवा दोडक्यावर सकाळी करू नये. त्यांची फुले सायंकाळी उमलतात.

कुक्षीवर पडलेल्या परागकणातून सूक्ष्म नलिका निघते व अंडाशयातील बीजांडापर्यंत पोचते. ती दोन नरपेशी नेते. एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ तयार होतो. दुसरीच्या संयोगातून गर्भाचे पोषक द्रव्य तयार होते. एका बीजांडास एक परागकण लागतो, म्हणून पराग अपुरा मिळाल्यास फळ गळते अथवा वेडेवाकडे वाढते. पिकलेला भोपळा कापून मुलांना बिया मोजावयास लावाव्यात. तितके परागकण तरी त्या एका सकाळी पोचलेच असले पाहिजेत, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही. भिजवलेली बी सोलली म्हणजे दोन दळे व त्यांच्या टोकाशी असलेला अंकुर दिसतो. पोषक द्रव्य तोपर्यंत दळांनीच शोषून घेतलेले असते.

परागावाचून बी होत नाही, हे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील कामेरारियुस यांनी 1694 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेल्या झाडांत एरंड होता. एरंडाच्या तुऱ्यात नरफुले खाली व मादीफुले वर असतात. नरफुले पराग सुटण्यापूर्वीच काढून टाकल्यावर त्यांस सबंध बी मिळाले नाही. बांधावरील एरंडावर मुलांना ही दोन्ही फुले ओळखावयास सांगावे.

पालकांच्या शेतात वेलवर्गीय पीक असेल, तर आणखी एक गोष्ट मुलांकरवी घरी पोचवावी. लाल भोपळ्याची फुले उमललेली असताना सकाळी कीटकनाशक फवारले, तर मधमाश्या मरतात आणि मग वेल हिरवागार असूनही फळ धरत नाही. फवारणी अटळच असेल, तर ती फुले मिटल्यानंतर सायंकाळी करावी. बियाण्याविषयीही मुले प्रश्न विचारतील. शेजारच्या निराळ्या वाणाचा पराग लागला, तरी त्या फळाची चव व साल बदलत नाही. फरक दिसतो तो त्याची बी पेरल्यावर, पुढील वर्षीच्या वेलास लागलेल्या फळांत. म्हणून वाण शुद्ध ठेवावयाचा असेल, तर त्याच वाणाचा पराग हाताने लावून बांधून ठेवलेल्या फुलाचे फळ बियाण्यासाठी राखावे आणि त्याच्या देठावरील रंगीत दोरा फळ पिकेपर्यंत सोडू नये.