मोबाइलमधली शीव

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मोबाइलवरच्या नकाशातली एक रेघ खरी मानल्यामुळे शेजारच्या दोन गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सलोखा मोडायला आलेला मी पाहिला आहे. वनहक्काच्या दाव्यांसाठी गावांना नकाशे करायला मदत करणं हे माझं काम. त्यामुळे हे सांगणं मला माझी जबाबदारी वाटते.

एकेकाळी इथे शिवेची आठवण निघायची ती पारधीच्या वेळी. कोणाचं रान कुठे संपतं हे जाणत्या माणसांना तोंडपाठ असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही गावांचे पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार आणि सापळे लावणं स्पष्ट शब्दांत वगळलं. आता शीव लागते ती मोहफुलांना, तेंदूपत्त्याला, बांबूला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हजार हेक्टरच्या आसपास जंगल असंच स्वतः सांभाळायला घेतलं. त्यामुळे शंभर मीटर इकडे की तिकडे, हा प्रश्न पोटाशी जोडला गेला.

ज्या गावाची गोष्ट सांगतो आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण आज तिथे शांतता आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी मोठ्या उमेदीने दाव्याचा नकाशा करायला घेतला. कोणाकडून तरी जुना नकाशा मोबाइलवर आला होता, त्यावर गावाची हद्द होती. पोरं पडद्यावरच्या ठिपक्यामागून चालत गेली आणि नाल्यापलीकडची मोहाची झाडं आपल्या हद्दीत पडतात, असं त्यांना दिसलं. मोहफुलांचे दिवस होते. शेजारच्या गावच्या बाया त्या झाडांखालचा पालापाचोळा झाडून, जागा साफ करून बसलेल्या. पोरांनी मोबाइल पुढे धरला. बाया टोपल्या घेऊन उठल्या आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांतली माणसं नाल्यावर जमली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. पोरांच्याच गावातला एक म्हातारा आजा आम्हाला नाल्याच्या अलीकडे, येनाच्या झाडांत घेऊन गेला. पानांखाली दगडांचा ढिगारा होता, वनखात्याचा जुना मुनारा. वरचे दगड ढासळलेले, पण पाया जागच्या जागी. आजा म्हणाला, “ते मोहे त्यायचेच हायेत बाबू, माह्या आज्यापासून.” मी जीपीएस यंत्र मुनाऱ्यावर ठेवलं. नकाशातली हद्द तिथून दीडशे मीटरहून जास्त दूर, नाल्यापार दाखवत होती.

यात पोरांची लबाडी नव्हती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या १८३० च्या मापावर बेतलेले आहेत आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या मापावर. दोन्हींत पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरलेला आहे. त्यामुळे एकच अक्षांश-रेखांश आपल्या भागात जमिनीवर शंभर मीटरहून जास्त अंतराने दोन ठिकाणी पडतो. जुना कागद स्कॅन करून, त्यावर छापलेले आकडे तसेच धरून मोबाइलमध्ये बसवला की सगळी हद्द सरकते. झूम केल्यावर रेघ इतकी नेटकी दिसते की शंकाच येत नाही. म्हणून कोणताही नकाशा हाती आला की आधी दोन-तीन पक्क्या खुणांवर, म्हणजे देवळावर, विहिरीवर, नाल्याच्या संगमावर उभं राहून पडताळा. तिथे तो चुकत असेल तर शिवेवरही चुकणारच.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. उघड्यावर साधं जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं, पण दाट बांबूत आणि भरल्या पानांच्या सागवानाखाली ते भरकटतं. खुणेच्या दगडाशी चार-पाच मिनिटं थांबा, सरासरी घेऊ द्या, आकडा वहीत लिहा. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून न्या.

खासगी शेताचा धुरा जंगलाला लागून असेल तर जास्तच सांभाळून. ऑनलाइन गाव नकाशा माहितीपुरता आहे. धुऱ्यावर वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची रीतसर मोजणी मागा. ते आता रोव्हर नावाच्या जीपीएस यंत्राने मोजतात, त्यात चूक सेंटिमीटरची राहते. मोबाइल दाखवून कोणाच्या बांदीत पाय ठेवू नका. झुडपी जंगल अशी नोंद असलेली जमीन पडीक दिसते म्हणून मोकळी समजू नका. ती वनजमीनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे.

नकाशाआधी कागद शोधावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, जुना गाव नकाशा यांत वापराच्या नोंदी सापडतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या दप्तरासाठी चंद्रपूरच्या अभिलेख कक्षातही अर्ज करा. जमीनदारीतल्या गावांचा कागद सहज हाती लागत नाही, चिकाटी ठेवावी लागते. आणि उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही म्हणून दावा फेटाळू पाहणारा कोणी भेटला तर वनहक्काचे २०१२ चे सुधारित नियम पुढे ठेवा. असं तंत्रज्ञान पुराव्याला पूरक आहे, पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे.

शीव चालायला निघताना शेजारच्या ग्रामसभेला आधी लेखी कळवा आणि त्यांची माणसं सोबत घ्या. बायांना घेतल्याशिवाय तर जाऊच नका. कोणतं मोहाचं झाड कोणत्या घराचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. वनरक्षकाला आणि जवळच्या पोलीस मदत केंद्राला खबर द्या. हातात यंत्र घेऊन रानात फिरणाऱ्या अनोळखी माणसाचा इथे संशय येतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात वाघाचा वावर आहे, तिथे घोळक्याने आणि उजाडल्यावरच निघा.

त्या दोन गावांचं शेवटी मिटलं ते नियमातल्याच तरतुदीने. दोन ग्रामसभांचे दावे एकमेकांवर पडले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर कोणाचा कसा आहे ते तपासावं आणि निष्कर्ष लेखी द्यावा, असं नियम सांगतो. तिथेही जमलं नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. दोन्हीकडची जाणती माणसं मुनाऱ्यापासून नाल्यापर्यंत सोबत चालली, पोरांनी मागून यंत्रात नोंद घेतली. मोह शेजाऱ्यांकडे राहिले. नाल्याचं पाणी आणि गुरांची वाट दोन्ही गावांची, असं ठरावात आलं. तो ठराव, सह्या-अंगठ्यांचा पंचनामा आणि यंत्रातली मूळ फाइल यांच्या प्रती दोन्ही गावांनी ठेवल्या. तुम्हीही अशा प्रती ठेवा, आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच घ्या.