तात्पुरत्या छावणीतील वैद्यक : बनगावचा धडा

निर्वासितांसाठी तात्पुरती छावणी उभारताना प्रथम विचार होतो तो तंबू आणि शिधा यांचा. मग डॉक्टर, खाटा व औषधे यांची मोजदाद होते. हे सारेच अपुरे पडले तर काय करावे, याचे उत्तर १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे मिळाले.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेलगतच्या बनगावच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. जूनअखेरीस डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या दोन खोल्या जमिनीवर निजलेल्या रुग्णांनी भरल्या होत्या. सलाइन लावण्यासाठी उलट्या-जुलाबांच्या घाणीत गुडघे टेकावे लागत. थोड्याच दिवसांत सलाइनचा साठाही संपत आला.

ग्लुकोजच्या सोबतीने लहान आतडे सोडियम व पाणी शोषून घेते, हे तत्त्व तोवर ढाका व कोलकाता येथील संशोधनातून सिद्ध झाले होते. तथापि वैद्यकीय देखरेखीविना तोंडावाटे उपचार करणे अनेकांना धोक्याचे वाटे. महालनबीस यांनी ती जोखीम पत्करली. लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे द्रावण पिंपांत भरून ठेवले. रुग्णांचे आईबाप, भाऊबहीण पेले भरून नेत आणि पाजत. सलाइन केवळ अत्यवस्थ रुग्णांसाठी राखले. छावण्यांत ३० टक्क्यांच्या घरात गेलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालील सुमारे ३,७०० रुग्णांत ३.६ टक्के राहिला. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज ते जुने प्रमाण वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली कमी सोडियम व कमी ग्लुकोजचे सूत्र स्वीकारले असून त्याचीच पाकिटे वापरावीत. मात्र उपचारांइतकाच प्रतिबंधही महत्त्वाचा. माणशी दररोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय आणि बालकांना गोवराची लस, हे छावणीचे किमान निकष मानले जातात. दहा हजारांमागे दररोज एकाहून अधिक मृत्यू होत असल्यास ती आणीबाणी समजावी.

आपल्यापैकी कोणावर पूरग्रस्तांच्या वा निर्वासितांच्या छावणीत काम करण्याची वेळ आली, तर जलसंजीवनीचे पिंप कोठे ठेवावयाचे आणि ती कशी पाजावी हे आयांना कोणी शिकवावयाचे, याचा निर्णय पहिल्याच तासात घ्यावा.