घर शोधणाऱ्याचा शब्द

घरविक्रीचे संकेतस्थळ कितीही देखणे असले, तरी घर शोधणारा गुगलवर जे शब्द लिहितो त्यांच्याशी त्यातील मजकूर जुळत नसेल, तर ते त्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. म्हणून शोधशब्दांची, म्हणजेच कीवर्डची, निवड ग्राहकाच्या बोलण्यातून करावी लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे या दृष्टीने उद्बोधक आहेत. लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांसाठी वसलेल्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि तेथील पत्ता आजही 'कॅम्प नंबर ४' असा सांगितला जातो. अंबरनाथचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. नगरपरिषद कुळगाव-बदलापूरची असली, तरी लोक शोधतात ते 'बदलापूर पूर्व' किंवा 'बदलापूर पश्चिम'. ही सर्व रूपे ध्यानात घ्यावीत.

नुसत्या 'फ्लॅट' या शब्दावर असंख्य संकेतस्थळांची स्पर्धा असते. 'अंबरनाथ पूर्व, वन बीएचके, स्टेशनजवळ' असे शोधणारे थोडे असतात. परंतु आपणास काय हवे, हे त्यांनी ठरविलेले असते. प्रत्येक शहरासाठी स्वतंत्र पान असावे आणि शब्द शीर्षकात व मजकुरात स्वाभाविकपणे यावेत. निरर्थक पुनरुक्तीने क्रमांक घसरू शकतो.

शब्द खराही हवा. येथे कुटुंबाची आयुष्यभराची बचत पणास लागलेली असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक ठळकपणे देणे बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा, हे नागरिकांना आवर्जून सांगितले पाहिजे.