शहापूरला, पण शहापुरात

खर्डी स्टेशनबाहेर माझे टायपिंगचे दुकान आहे. वनहक्काच्या दाव्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत आणि दहाव्याच्या कार्डापासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत सगळे कागद माझ्या हाताखालून जातात. चुकीची वेलांटी दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आजही जाते. पण ती काढायची कुणावर, हे शिकायला बराच वेळ लागला.

१. चूक नमुन्यात असते.

लग्नसराईत तीन शब्द रोज भेटतात: आशिर्वाद, विनित, हार्दीक. हवेत आशीर्वाद, विनीत, हार्दिक. पूर्वी वाटायचे, लोकांना पर्वाच नाही. मग लक्षात आले, गिऱ्हाईक घरातली जुनी पत्रिका घेऊन येते आणि म्हणते, "ताई, हीच छापा, फक्त नावं बदला." ती पत्रिका काकाच्या लग्नातली, आणि तीही कुठल्यातरी त्याआधीच्या पत्रिकेवरून उतरवलेली. छापलेले ते बरोबर, असा लोकांचा भरवसा आहे. तो आम्ही छापणाऱ्यांनी मोडला. म्हणून असे शब्द मी न विचारता दुरुस्त करते. कुणी हटकलेच, तर अरुण फडके यांची ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही पुस्तिका गल्ल्याशेजारी ठेवलेली आहे.

२. नियम आठवण्याआधी शब्द मोठ्याने म्हणावा.

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी ४ आले. अठराच्या अठरा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत, पण दिवसभर कामाला येतो तो कान. ‘दूध’ म्हणताना शेवटचा ध आपण पाय मोडल्यासारखा म्हणतो, म्हणून आधीचा ‘दू’ लांबतो. ‘दुधाला’ म्हणून पाहा, जोर पुढे सरकतो आणि ‘दु’ आखडतो. पीक आणि पिकाला, वीज आणि विजेचा, मूल आणि मुलाला, चूक आणि चुकीचा, सगळ्यांची चाल तीच. आमचा तालुकाही त्याच चालीचा. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, म्हणून शहापूर, शहापूरला, शहापूरहून. पण शिरलो की शहापुरात. दुकानात कामाला येणाऱ्या मुलांना मी हेच आधी म्हणायला लावते, नियमाचा आकडा मागाहून सांगते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष असे शब्द मात्र या कानाला फसवतात. ते पाठच करावे लागतात.

३. ऱ शोधायचा कंटाळा करू नये.

कसारा घाटात दऱ्या आहेत. दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्याला द्या, असे लिहू नये. मोबाइलवर ऱ असतो, र जरा दाबून धरावा.

४. बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे.

हे मी फार उशिरा शिकले, आणि एका मुलीला दुखावून शिकले. पाड्यावरून आली होती, वसतिगृहासाठीचा अर्ज स्वतः लिहून आणला होता, मी तो फक्त टाइप करायचा होता. त्यात ‘पानी’ होते, ‘कोन’ होते. दुकानात चार माणसे बसलेली. मी लाल पेन घेतले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत गोल करत गेले. तिने कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या घातल्या, दप्तरात ठेवला आणि निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

रात्री आठवले की त्या अर्जात तिने काय लिहिले होते त्याकडे मी लक्षच दिले नव्हते, मी नुसती अक्षरे पाहिली. उन्हाळ्यात पाड्यावर पाणी नसते, आईबरोबर हंडे आणण्यात सकाळ जाते, शाळा बुडते, म्हणून वसतिगृह हवे, असे तिने लिहिले होते. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते, भातसाही देते. ही दोन्ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात, आणि आमचेच पाडे टँकरची वाट बघतात. त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द मी चूक म्हणून गोल केला होता.

आता मी आधी विचारते, "काय सांगायचंय?" ऐकून घेते, टाइप करते, स्क्रीन समोरच्याकडे वळवते. ण तिथे आपोआप येतो.

५. नावाला नियम लावू नये, नाव माणसाला विचारावे.

एका कातकरी ताईंचे आडनाव हिलम. कुणीतरी ते इंग्रजीत टाइप केले, संगणकाने त्याचे परत मराठी केले, आणि आधारवर हिलाम उमटले. रेशनकार्डावर हिलम, नवऱ्याच्या वनहक्काच्या कागदावर हिलीम. ही एकाच घरातली माणसे आहेत हे सांगायला प्रतिज्ञापत्र लागले. त्यासाठी आसनगावपर्यंत लोकल, तिथून रिक्षाने शहापूर, तेही तीनदा, ऐन वीटभट्टीच्या हंगामात. काना एकाने दिला, मजुरी दुसऱ्याची बुडाली. माझी खरी तिडीक आता इथे जाते.

अक्षर किती जड असते, ते राज्याने पाहिले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘धनगड’ आहे. तो ‘धनगर’च, लिहिताना र चा ड झाला, असे धनगर समाजाचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्य केले नाही.

आमच्या गावाचेही तेच. इंग्रजीत एक ‘ए’ जास्त पडला की पुण्याची खराडी होते, आणि नीट लिहिले तरी पंढरपूर तालुक्यात दुसरी खर्डी आहेच. म्हणून ता. शहापूर, जि. ठाणे लिहिल्याशिवाय मी पाकीट सोडत नाही.

प्रिंट काढण्याआधी प्रत्येक नाव मी अक्षर-अक्षर म्हणून दाखवते, अंगठा लावणाऱ्यालाही. त्या ताई परवा नातवाच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. मी कीबोर्डवर बोट ठेवायच्या आत त्यांनीच सांगितले, "हिलम. ल ला काना नाय."