पोलराइज्ड गॉगल: गाडी चालवताना किती कामाचा, किती खर्चाचा?

पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं की ओला रस्ता पांढराफटक दिसू लागतो. लेनचे पट्टे हरवतात, पुढच्या गाडीच्या काचेवरची तिरीप थेट डोळ्यांत घुसते. पोलराइज्ड गॉगल नेमका याच त्रासावरचा उपाय आहे. रस्ता, पाणी, बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून उसळणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेतच कंप पावत असतो. काचेतला पोलराइज्ड थर तेवढाच प्रकाश अडवतो, बाकीचा आत सोडतो. डॅशबोर्डचं समोरच्या काचेत पडणारं प्रतिबिंबही त्याने पुसट होतं. दिवसा हायवेवर तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. समृद्धी महामार्गावर नागपूरहून मुंबईकडे निघालात तर दुपारनंतर सूर्य समोर येतो. सूर्याचा थेट प्रकाश असा एका दिशेत कंप पावत नाही, त्यामुळे तिथे पोलराइज्ड काच आणि तितकीच गडद साधी काच यांत काहीच फरक पडत नाही. तिथे सन व्हायझर आणि स्वच्छ काच कामी येते. समोरची काच आपण बाहेरून पुसतो, पण आतल्या बाजूला बसलेला तेलकट थर तसाच राहतो. समोरून ऊन आलं की त्यावर प्रकाश पसरून पुढचं काही दिसत नाही. मायक्रोफायबरच्या फडक्याने तो आधी काढा. हजार रुपयांच्या गॉगलपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

आता पैशांचं बोलू. दुकानदार ‘पोलराइज्ड’ हा शब्द पुढे करतो, पण पहिला प्रश्न ‘यूव्ही 400 आहे का?’ हाच विचारा. पोलराइज्ड थर चकाकी कमी करतो, यूव्ही 400 म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण; या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीची समोरची काच बहुतेक अतिनील किरण अडवते, बाजूच्या काचांतून मात्र ते बऱ्यापैकी आत येतात. दुसरा प्रश्न गडदपणाचा. काडीच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा ‘कॅट. 3’ असं काहीतरी बारीक छापलेलं असतं. कॅटेगरी 3 ची काच 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडते, ती भर उन्हाला योग्य. कॅटेगरी 2 पावसाळी, ढगाळ हवेला बरी. कॅटेगरी 4 बर्फाच्या डोंगरांसाठी असते आणि ती घालून गाडी चालवायची नसते. रंग करडा किंवा तपकिरी घ्या, म्हणजे सिग्नलचे रंग नीट ओळखता येतात.

फुटपाथवर दोन-तीनशे रुपयांत पोलराइज्ड म्हणून जे मिळतं, त्याच्या यूव्हीची खात्री कोणी देत नाही. ओळखीच्या भारतीय ब्रँडचा पोलराइज्ड गॉगल साधारण 1,000 ते 2,500 रुपयांत येतो आणि गाडी चालवायला तो पुरतो. परदेशी नावांसाठी 8,000 ते 13,000 मोजावे लागतात. त्यात फ्रेम, फिनिश आणि नाव यांचा वाटा मोठा असतो, चकाकी त्या प्रमाणात जास्त कमी होत नाही. चष्मा असलेल्यांना खर्च जास्त. एकेरी नंबरच्या पोलराइज्ड काचांची जोडी अंदाजे अडीच ते सहा हजार, प्रोग्रेसिव्ह असतील तर त्याहून बरीच महाग. चष्म्यावर लावायची क्लिप 300 ते 1,000 रुपयांत मिळते. महिन्यातून एखाददुसरा लांबचा प्रवास असेल तर माझ्या मते क्लिपच शहाणपणाची. ऊन-सावलीत रंग बदलणाऱ्या फोटोक्रोमिक काचांवर मात्र ड्रायव्हिंगसाठी खर्च करू नका. त्यांना काळं व्हायला अतिनील किरण लागतात आणि गाडीची समोरची काच तेच अडवते.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. काउंटरवरचा कॅल्क्युलेटर घ्या आणि गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे दिसेनासे झाले तर काच पोलराइज्ड आहे. मग तोच गॉगल घालून स्वतःच्या गाडीत बसा. काही गाड्यांचा स्क्रीन किंवा काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले त्यातून काळवंडतो, कधी पुरता नाहीसा होतो. वेगाचा आकडाच दिसत नसेल तर तो गॉगल तुमच्यासाठी नाही, कितीही चांगला असला तरी. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटची काच खाली करून बघावं, तिच्यावर इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात.

बोगद्यात शिरण्याआधी गॉगल उतरवा. इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा सुमारे 8 किलोमीटरचा आहे, तिथे काळी काच धोक्याचीच. रात्री तर कोणताही रंगीत गॉगल नको. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचाही नकोत, त्या समोरच्या हेडलाइटसोबत अंधारातला पादचारीही मंद करतात. आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नका. उष्णतेने पोलराइज्ड थर सुटून बुडबुडे येतात आणि मग काच बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

बिलावर ‘पोलराइज्ड’ आणि ‘यूव्ही 400’ हे दोन्ही शब्द लिहून घ्या. नंतर माल तसा निघाला नाही आणि दुकानदार दाद देईना, तर बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.