पहिल्या फेरीला बसतेस, तर हे ऐक

सप्टेंबर संपला, ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्मारकांच्या फोटोस्पर्धेचे फोटो येऊन पडलेत आणि यंदा पहिल्या चाळणीला तू बसणार आहेस. बसण्याआधी एक गोष्ट पक्की धर. पहिल्या फेरीत उत्तम फोटो शोधायचा नसतो. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, सगळ्यांत लांब दाणा कुठला ते ठरवत बसत नाही. उत्तम काय ते परीक्षक पुढे बघतील. पण तू बाद केलेला फोटो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती चूक नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून शंका असेल तिथे ‘हो’ म्हण.

नियम थोडेच आहेत. फोटो पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला, स्पर्धेच्या महिन्यात विकिमीडिया कॉमन्सवर चढवलेला, मुक्त परवान्याचा आणि यादीतल्या स्मारकाचा. नवी माणसं हमखास एका ठिकाणी अडखळतात: कॅमेऱ्याच्या नोंदीत २००९ साल दिसलं की बाद करून टाकतात. अगं, फोटो कधी काढला याला बंधन नाही, चढवला कधी ते बघायचं. आज ढासळलेल्या एखाद्या बुरुजाचा जुना फोटो कुणी कपाटातून काढून पाठवला असेल, तर तो आपल्याला हवाच आहे. चढवल्याची तारीख, आकार, आयोजकांचे स्वतःचे फोटो, ही गाळणी मोंटाज हे परीक्षणाचं साधन आपसूक लावतं. तुझे डोळे त्यात खर्च करू नकोस.

डोळे लागतात ते उचललेले फोटो ओळखायला. फाइल लहान आहे आणि कॅमेऱ्याची नोंद कोरी आहे, एवढ्यावरून चोर ठरवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या स्वतःच्या फोटोचंही असंच होतं. मात्र नोंदीत ‘एफबीएमडी’ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं दिसली, तर फाइल फेसबुकवरून उतरवलेली आहे. मग त्याच माणसाचे बाकीचे फोटो उघड. एक फोटो या कॅमेऱ्याचा, दुसरा त्या कॅमेऱ्याचा, तिसऱ्याचा आकार भलताच, असं दिसलं की उलट प्रतिमाशोध लावून बघ. तरीही आधी विचारायचं: मूळ फाइल आहे का? पुष्कळदा असते, आणि माणूस आनंदाने देतो.

लहान चित्रावर कधी निर्णय देऊ नकोस. मूळ फाइल पूर्ण आकारात उघड. छोट्या चित्रात झकास दिसणारं आकाश मोठं केलं की शिखराच्या कडेला पांढरी रेघ दिसते, ढगांवरचं ऊन एका बाजूचं आणि भिंतीवरची सावली दुसऱ्याच बाजूची, म्हणजे आकाश दुसरीकडून आणून चिकटवलंय. उलट, मळकट वाटलेल्या फोटोत वीरगळावरचे घोडेस्वार एकेक मोजता येतात.

आणि जागा तपास, पोरी. माझ्या मते यात सगळ्यांत जास्त हयगय होते. लेण्यांत कार्ले म्हणून भाजे येतं, भाजे म्हणून बेडसे. कार्ल्याच्या चैत्यापुढे सिंहस्तंभ आहे, शेजारी एकवीरेचं देऊळ आहे आणि आत खांबांवर हत्ती कोरलेले आहेत. भाज्याच्या चैत्याचं तोंड सताड उघडं, खांब साधे आणि आत कललेले. अंबरनाथचं देऊळ आणि सिन्नरचं गोंदेश्वर यांचीही अशीच गल्लत होते. गोंदेश्वराचं शिखर शाबूत आहे आणि भोवती चार छोटी देवळं आहेत, अंबरनाथचं शिखर अपुरं आहे. नाव चुकलं म्हणून फोटो बाद होत नाही. नाव दुरुस्त कर, वर्ग बदल, फोटो पुढे पाठव.

२०१० साली नेदरलँड्समध्ये ही स्पर्धा सुरू झाली ती विकिपीडियाला स्मारकांची चित्रं मिळावीत म्हणून. भारत तिच्यात २०१२ साली पहिल्यांदा उतरला. आपल्याकडे केंद्राने संरक्षित केलेलीच स्मारकं साडेतीन हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांकडे कॅमेरा घेऊन कुणी फिरकत नाही. गेटवेचा सोनेरी सूर्यास्त पुष्कळ येईल. आडगावच्या बारवेचा भर दुपारचा रुक्ष फोटो एखादाच. त्याला ‘नाही’ म्हणताना हात थांबू दे.

स्पर्धेच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत फोटोंचा लोंढा आलेला असतो. थोडे-थोडे बघ. सुरुवातीला हात बसलेला नसतो आणि दमल्यावर माणूस कडक होतो, म्हणून पहिला आणि शेवटचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघ. पाठवणाऱ्याचं नाव वाचू नकोस. तरी ओळखीच्याचा फोटो कळलाच, तर तो दुसऱ्याकडे सोपव. प्रत्येक फोटो किमान दोघांनी बघावा, मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याने.

‘नाही’ म्हटलंस की कारण लिही, एका ओळीत. ‘दर्जा कमी’ हे कारण नव्हे. ‘हात हलल्याने कोरीवकाम वाचता येत नाही’ हे कारण. स्पर्धेतून बाद झालेला फोटो, उचललेला नसेल तर, कॉमन्सवर राहतोच, हेही त्या माणसाला कळव, कारण पुष्कळांना वाटतं की आपलं काम पुसलं गेलं. पहिल्यांदाच फोटो चढवणाऱ्याला दोन ओळी जास्त लिही. त्याच्या गावाजवळ यादीतलं आणखी कोणतं स्मारक फोटोविना पडलंय, तेही त्यात सांग.